नथीच्या मोत्यावरचा ठिपका : ॲपर्चर आणि सेन्सरवरची धूळ

पुण्यातल्या एका सराफी पेढीच्या कॅटलॉगचं काम. कॅमेरा एकच, २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम मिररलेस (आरसा नसलेला, प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ मिमी रुंद). सकाळी दागिने घातलेल्या मॉडेलचे फोटो झाले, ८५ मिमी लेन्सवर, एफ/२.८ ला, म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) मोठं ठेवून. दुपारी तेच दागिने पांढऱ्या ॲक्रिलिकवर मांडून क्लोज-अप घेतले, १०० मिमी मॅक्रो लेन्सवर, एफ/१६ ला, म्हणजे छिद्र बारीक करून (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). सकाळचे फोटो निर्मळ आले. दुपारच्या प्रत्येक फोटोत मात्र पांढऱ्या भागावर करडे-काळे ठिपके होते, आणि ब्राह्मणी नथीच्या फोटोत त्यातला एक नेमका मधल्या मोत्यावर पडला होता. पेढीकडून पहिला प्रश्न आला, "मोत्यात खोट आहे का?"

नुसत्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ठिपका क्लोन करून (शेजारचा भाग त्यावर उतरवून) मिनिटात जातो. मोत्यावरचा ठिपका काढायचा म्हणजे त्याची चमक, त्यावरचं सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब आणि शेजारच्या सोन्याच्या तारेची छाया पुन्हा रंगवायची. शिवाय दागिन्याच्या फोटोत असं काही नव्याने रंगवणं विकणाऱ्यालाही नको असतं आणि घेणाऱ्यालाही. त्यामुळे ठिपका कुठून आला हे शोधणं भागच होतं.

सेटवर सगळ्यांचा पहिला संशय मॅक्रो लेन्सवर गेला. सकाळच्या लेन्सवर फोटो साफ, दुपारच्या लेन्सवर डाग, म्हणजे लेन्समध्ये धूळ, असा साधा हिशोब. पण सकाळ आणि दुपार यांच्यात लेन्सबरोबर ॲपर्चरही बदललं होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कुणाचा ते त्या दोन फोटोंवरून ठरत नाही.

आधी दागिना आणि ॲक्रिलिक यांना बाजूला काढता येतं. त्यासाठी नथीचा आणि ठुशीचा असे दोन फोटो १०० टक्के झूमवर शेजारी ठेवले. मोत्यावरचा ठिपका डावीकडून ४१२० आणि वरून १३८० पिक्सेलवर होता. ठुशीच्या फोटोत त्याच जागी मोती नव्हता, रिकामं ॲक्रिलिक होतं, तरी ठिपका तिथेच. दागिना बदलला, चौकट सरकली, पण ठिपका चौकटीला चिकटून राहिला. म्हणजे तो कॅमेऱ्याच्या बाजूचा. मोती निर्दोष आहे एवढं पेढीला तिथल्या तिथे सांगता आलं.

उरले लेन्स आणि सेन्सर. इथे नजरेच्या अंदाजापेक्षा दोन मोजमापं उपयोगी पडतात.

धूळ सेन्सरच्या पिक्सेलवर बसत नाही. पिक्सेलच्या पुढे काचेचा थर असतो, त्यात इन्फ्रारेड फिल्टर आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील जरासा मऊ करणारा). बहुतेक फुल-फ्रेम कॅमेऱ्यांत या थराची जाडी २ मिमीच्या आसपास असते. कण बसतो तो या काचेच्या बाहेरच्या पृष्ठावर, आणि पिक्सेलवर पडते ती त्याची सावली. ती किती रेखीव पडेल हे लेन्समधलं छिद्र किती मोठं दिसतंय त्यावर ठरतं. लांब ट्यूबलाइटखाली हाताची सावली पुसट असते आणि मोबाइलच्या फ्लॅशपुढे तोच हात धरला तर बोटं मोजता येतात, तोच प्रकार. एफ/२.८ ला प्रत्येक पिक्सेलकडे प्रकाशाचा रुंद शंकू येतो. त्यातला थोडासा भाग कण अडवतो, बाकीचा बाजूने निघून पिक्सेलवर पोचतो. एफ/१६ ला शंकू अरुंद होतो आणि तेवढाच कण त्याचा मोठा हिस्सा अडवतो.

हिशोब सोपा आहे. कणाच्या पातळीवर शंकूची रुंदी म्हणजे कण आणि पिक्सेल यांच्यातलं अंतर भागिले एफ-नंबर. अंतर हवेच्या हिशोबात धरायचं, म्हणजे काचेची जाडी भागिले तिचा अपवर्तनांक, ढोबळमानाने १.५. सावलीची एकूण रुंदी येते ती कणाची रुंदी अधिक शंकूची रुंदी. कणाची रुंदी आपल्याला ठाऊक नसते. पण एकच ठिपका दोन ॲपर्चरला मोजून वजाबाकी केली की ती आपोआप गळून पडते आणि अंतर हाती येतं.

म्हणून मॅक्रो लेन्स मॅन्युअल फोकसवर अनंताला लावून, आयएसओ १०० ला, पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन कोरे फोटो घेतले, एक एफ/८ ला, एक एफ/१६ ला. शटर एक सेकंद ठेवलं आणि तेवढ्या वेळात कॅमेरा हळूच गोल फिरवला, म्हणजे पृष्ठभागाचा पोत पुसला जातो आणि सेन्सरबरोबर फिरणारे ठिपके तेवढे जागेवर राहतात. फोटो सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून मोत्यावरचा तो ठिपका मोजला. एफ/१६ ला रुंदी २२ पिक्सेल, एफ/८ ला ३६. फरक १४ पिक्सेल. ३६ मिमी रुंदीत ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, आणि १४ पिक्सेल म्हणजे ८४ मायक्रॉन. एफ/८ आणि एफ/१६ च्या शंकूंमधला फरक अंतराच्या सोळाव्या भागाइतका असतो. म्हणून अंतर ८४ गुणिले १६, म्हणजे १३४४ मायक्रॉन, सुमारे १.३४ मिमी. काचेच्या हिशोबात ते २ मिमी होतं, म्हणजे बरोबर फिल्टर-काचेचं बाहेरचं पृष्ठ. कणाची रुंदीही यातूनच निघते : एफ/१६ ची सावली १३२ मायक्रॉन, त्यातला शंकू ८४, उरले ४८.

ठिपक्याची कडा पुसट असल्याने मोजताना पिक्सेल-दोन पिक्सेल इकडेतिकडे होतात. त्याने अंतराच्या उत्तरात दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडेल, आणि एवढ्या फरकाने निदान बदलत नाही. दुसरा संशयित, लेन्सची मागची काच, सेन्सरपासून दोन-चार सेंटिमीटर तरी दूर असते. ४० मिमी अंतर धरलं तर एफ/१६ ला तिथला शंकू अडीच मिमी रुंद. ४८ मायक्रॉनचा कण त्यातला दहा हजारात चार भाग प्रकाश अडवेल. तो ठिपका कुठल्याही फोटोत कुणालाही दिसणार नाही. लेन्सच्या आत चमकणारी धूळ बघून लेन्स उघडायला देणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

आता सकाळचे फोटो साफ का होते तेही कळतं. कण गोल आणि अपारदर्शक धरला तर तो अडवतो तो प्रकाश म्हणजे कणाची रुंदी भागिले शंकूची रुंदी, त्याचा वर्ग. एफ/२.८ ला शंकू ४८० मायक्रॉनचा, म्हणजे घट १ टक्का, तीही जवळजवळ ९० पिक्सेलवर पसरलेली. त्वचेवर, पैठणीच्या पोतावर ती हरवून जाते. तिथून ॲपर्चर एकेक स्टॉप (प्रकाश निम्मा करणारी एक पायरी) बंद करत गेलं की घट दर वेळी दुप्पट होते : एफ/४ ला २ टक्के, एफ/५.६ ला ४, एफ/८ ला ८, एफ/११ ला १६, एफ/१६ ला सुमारे ३३, एफ/२२ ला ६० च्या पुढे. ठिपका काळवंडतो आणि त्याच वेळी लहान, रेखीव होत जातो. धूळ दुपारी आली नव्हती. सकाळच्या प्रत्येक फोटोतही ती होतीच.

अंतराचाही असाच वर्गाच्या प्रमाणात परिणाम होतो. ऑलिम्पसने २००३ च्या ई-१ मध्ये धूळ झटकणारा अल्ट्रासॉनिक फिल्टर पहिल्यांदा आणला. मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे ऑलिम्पस वगैरेंच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत सेन्सरपुढची काच एकूण ४ मिमीच्या आसपास असते. अंतर दुप्पट झालं की त्याच एफ-नंबरला त्याच कणाने होणारी घट चौथाईवर येते. या कॅमेऱ्यांना धुळीचा त्रास कमी, असं जे म्हटलं जातं त्यात फिल्टरच्या थरथरीइतकाच या अंतराचाही वाटा आहे.

इथपर्यंतचं निदान लँडस्केप काढणाऱ्यालाही लागू पडतं. दागिन्यांच्या कामात पुढची अडचण वेगळी असते, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला.

सफाईच्या पहिल्या फेरीत कॅमेऱ्याची स्वतःची सेन्सर-क्लीनिंग चालवली. तिने सुटे, कोरडे कण झटकले जातात, चिकटलेले राहतात. मग ब्लोअर. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, पंखा आणि एसी बंद, बॅटरी पूर्ण चार्ज, मेनूतून क्लीनिंग मोड चालू. ब्लोअरची पहिली फूक बाहेर मारून त्याच्या आतली धूळ काढायची, मग टोक माउंटच्या (लेन्स जिथे बसते त्या) कड्याच्या आत न नेता आठ-दहा फुका. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे थेंब उडतात. दाबलेल्या हवेचा डबा वापरायचा नाही, त्यातला द्रव काचेवर उडून डाग सोडतो. डीएसएलआर असेल तर बॅटरीची काळजी जास्त घ्यावी, कारण मध्येच ती संपली की आरसा ब्लोअरवर आपटतो.

सराफाच्या वस्तूंबरोबर काम करताना ओल्या पुसण्याआधी ब्लोअर चुकवता येत नाही. दागिन्याच्या डबीतला कापूस आणि गुलाबी कागद यांचे तंतू हलके असतात, ते फुंकीने जातात. पॉलिशची लाल पावडर ही लोहाच्या ऑक्साइडची असते, आणि धातूचा कीसही डबीतून येतो. हे कण कडक असतात. ते न उडवता त्यांच्यावरून स्वॅब (सेन्सर पुसायची चपटी काडी) ओढला तर कोटिंगवर ओरखडा उठू शकतो, आणि मग काचेचा सगळा थर बदलण्याचा खर्च समोर येतो.

ब्लोअरनंतरही ४१२०, १३८० वरचा ठिपका जागचा हलला नाही. सेन्सरवर त्याची जागा शोधताना बरेच जण गोंधळतात. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते आणि सफाई करताना आपण सेन्सरकडे समोरून बघतो. या दोन्हींचा एकत्र परिणाम असा की उजवं-डावं तसंच राहतं, फक्त वर-खाली उलटतं. फोटोत उजवीकडे वर असलेला हा ठिपका समोरून बघताना सेन्सरवर उजवीकडे खाली होता.

मग ओला स्वॅब. फुल-फ्रेमला २४ मिमी रुंदीचा, एपीएस-सी या लहान सेन्सरला १६ मिमीचा. मेथॅनॉलवर आधारित सेन्सर क्लीनरचे दोन, फार तर तीन थेंब स्वॅबच्या कडेवर टाकायचे आणि ते मुरायला थोडा वेळ द्यायचा. स्वॅब निथळत असला तर काठाशी द्रव साचून वाळतो आणि तिथे रेघ राहते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एकाच दाबाने, मध्ये न उचलता ओढायचा, मग बाजू उलटून परत. तेवढ्यावर तो स्वॅब टाकून द्यायचा. स्वॅबचे पैसे वाचवायला तोच पुन्हा वापरला तर पहिल्या फेरीत उचललेला कण दुसऱ्या फेरीत काचेवर घासला जातो. इन-बॉडी स्टॅबिलायझेशनच्या (हाताचं कंपन सेन्सर हलवून सावरणाऱ्या) कॅमेऱ्यात सेन्सर तरंगता असतो, त्यामुळे हात हलका हवा.

पुन्हा कोरा फोटो, अनंताला, एफ/१६. साफ. नथ परत मांडली, फोटो घेतला, आणि मोत्याचा ठिपका गेला तरी ॲक्रिलिकवर बारीक बारीक ठिपके होतेच. सफाईतून नवी धूळ आत गेली असा समज इथे सहज होतो. पण कोऱ्या फोटोत त्या जागी लेव्हल्स आणखी ताणून बघितल्यावर तेच ठिपके अतिशय फिके दिसले. ते आधीपासून होते. चाचणीचं ॲपर्चर आणि कामाचं ॲपर्चर एक नव्हतं, जरी कॅमेरा दोन्ही वेळा एफ/१६ च म्हणत होता.

मॅक्रोमध्ये लेन्स वस्तूच्या जवळ फोकस करते तेव्हा सेन्सरला दिसणारा शंकू आणखी अरुंद होतो. ढोबळ सूत्र असं : परिणामी एफ-नंबर म्हणजे दाखवलेला एफ-नंबर गुणिले (१ अधिक मॅग्निफिकेशन). मॅग्निफिकेशन म्हणजे सेन्सरची रुंदी भागिले चौकटीत मावणारी रुंदी. नथीसाठी चौकटीत ५४ मिमी रुंदी धरली होती, सेन्सर ३६ मिमीचा, म्हणजे मॅग्निफिकेशन ०.६७. एफ/१६ चं प्रत्यक्षात जवळजवळ एफ/२७ झालं. नेमका आकडा लेन्सच्या रचनेप्रमाणे थोडा पुढेमागे होतो. निकॉनचे कॅमेरे स्वतःच्या मॅक्रो लेन्सबरोबर हा परिणामी आकडा दाखवतात. जिथे तो दिसत नाही तिथे फ्लॅशचं एक्सपोजर कमी पडतंय यावरूनच तो जाणवतो.

एफ/२७ ला शंकू फक्त ५० मायक्रॉनचा. ४८ मायक्रॉनच्या मूळ कणाने मधला जवळजवळ सगळा प्रकाश अडवला होता, म्हणून मोत्यावरचा ठिपका इतका काळा होता. आणि सफाईनंतर राहिलेला १५ मायक्रॉनचा कण अनंताला एफ/१६ ला ३ टक्के अडवतो, जो डोळ्यांना सुटतो, पण नथीच्या अंतरावर तोच ९ टक्के अडवतो. पांढऱ्याशुभ्र ॲक्रिलिकवर ९ टक्के लपत नाही. तेव्हा चाचणी कामाच्याच फोकस अंतरावर, कामाच्याच एफ-नंबरला घ्यायची. समोर कोरा कागद लेन्सच्या अगदी जवळ, फोकसच्या बाहेर धरला की झालं. सफाई करून देणाऱ्या दुकानातून "एफ/१६ ला तपासलंय" असं सांगितलं जातं तेव्हा कुठल्या अंतरावर, हे विचारून घ्यावं.

दुसऱ्या स्वॅबनंतर बारीक कण बरेच कमी झाले, शून्य नाही. शून्याच्या मागे लागून स्वॅबवर स्वॅब फिरवण्यात अर्थ नाही, प्रत्येक फेरीत ओरखड्याचा धोका असतोच. त्यापेक्षा प्रश्न असा हवा की एफ/१६ मुळात कशासाठी?

उत्तर होतं, डेप्थ, म्हणजे मागेपुढे जेवढा भाग रेखीव येतो ती खोली. नथ मागेपुढे सुमारे १२ मिमी खोल. ०.६७ मॅग्निफिकेशनला एफ/१६ वर स्वीकारार्ह पुसटपणा ०.०२ मिमी धरला तर डेप्थ ऑफ फील्ड २.४ मिमी येतं. म्हणजे एफ/१६ ला एका फोटोत नथ मावत नव्हतीच, फोकस स्टॅकिंग (फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेले फोटो एकात जोडणं) लागणारच होतं. वर परिणामी एफ/२७ ला विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदूची चकती ३६ मायक्रॉनची, सहा पिक्सेल रुंद होते. तारेच्या वेढ्यांमधल्या फटी त्यात भरून जातात. एफ/१६ मुळे डेप्थ पुरेशी मिळाली नाही, धारही गेली आणि धूळ तेवढी मिळाली.

एफ/५.६ ला एका फ्रेमचं डेप्थ ०.८४ मिमी. फ्रेम एकमेकांवर थोड्या चढाव्यात म्हणून ०.६ मिमीची पायरी, १२ मिमीसाठी २१ फ्रेम. परिणामी एफ-नंबर ९.३, विवर्तनाची चकती दोन पिक्सेलची, आणि उरलेल्या १५ मायक्रॉनच्या कणाने होणारी घट १ टक्का. मोत्याच्या पृष्ठावरची बारीक लाटही मग दिसू लागते.

स्टॅकिंग करणाऱ्यांनी तरीही सफाई टाळू नये. फोकस सरकला की मॅग्निफिकेशन थोडं बदलतं आणि सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम लहानमोठी करून जुळवतं. नथ जुळते, पण सेन्सरला चिकटलेला ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये जरा सरकतो. मॅग्निफिकेशन २ टक्के बदललं तर केंद्रापासून २००० पिक्सेलवरचा ठिपका ४० पिक्सेल लांबीची रेघ होतो, केंद्रातून बाहेर जाणारी. सॉफ्टवेअर कॉन्ट्रास्ट बघून पिक्सेल निवडत असेल तर ते ठिपक्याची कडाच उचलतं आणि रेघ आणखी ठळक करतं. ४८ मायक्रॉनचा कण राहू दिला असता तर एफ/५.६ लाही या अंतरावर त्याने ११ टक्के प्रकाश अडवला असता आणि पांढऱ्यावर अशी स्पष्ट रेघ आली असती. म्हणून क्रम असा : आधी सफाई, मग कामाच्या अंतरावर चाचणी, मग एफ/५.६ चा स्टॅक.

शेवटच्या एका टक्क्यासाठी कोरी फ्रेम घेऊन ठेवली. सावली म्हणजे प्रकाशाला झालेला गुणाकार असल्याने फोटोला कोऱ्या फ्रेमने भागलं की ठिपका निघतो आणि खालचा तपशील जसाच्या तसा राहतो, रंगवावं लागत नाही. फ्लॅट-फील्ड करेक्शन म्हणतात ते हेच. पण ती फ्रेम त्याच लेन्सची, त्याच ॲपर्चरची, त्याच फोकस अंतराची असायला हवी, आणि भागाकार स्टॅक जोडण्याआधी, मूळ फ्रेमवर करायला हवा. लेन्स बदलली की प्रकाश सेन्सरवर वेगळ्या कोनातून येतो आणि काठाकडच्या ठिपक्यांच्या सावल्या सरकतात. केंद्रापासून १५ मिमीवरच्या कणाची सावली, एक्झिट प्युपिल (सेन्सरकडून बघताना लेन्समध्ये दिसणारं छिद्र) ६० मिमी दूर असेल तर, सुमारे ०.३३ मिमी, म्हणजे ५५ पिक्सेल बाहेर पडते. दुसऱ्या लेन्सवर हा आकडा दुसरा. सकाळच्या ८५ मिमीची कोरी फ्रेम दुपारच्या मॅक्रोला लावली तर जुना ठिपका राहतो आणि शेजारी एक पांढरा ठिपका नव्याने उगवतो.

साजासारख्या मोठ्या दागिन्याला मॅग्निफिकेशन ०.२ च्या आतच लागतं. तिथे एफ/११ चं जेमतेम एफ/१३ होतं, त्यामुळे एफ/११ ला दोन-तीन फ्रेमचा स्टॅक चालतो. नथ, कुड्या, अंगठ्या यांना एफ/५.६. लेन्स बदलायची ती डब्या उघडण्याआधी, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, आणि गुलाबी कागद उलगडायचं टेबल कॅमेऱ्यापासून दूर.